‘राठ’ म्हणण्याआधी: आपला केस ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

परभणीत माझं छोटंसं पार्लर आहे. खुर्चीवर बसल्या बसल्या बहुतेक जणी एकच वाक्य बोलतात, "ताई, केस लई राठ झालेत, सरळ करून टाका." मी केसाला हात लावायच्या आधी विचारते, "पाणी कशाचं?" समोरची जरा गोंधळते. मग उत्तर येतं, "बोअरचंच की. नळ आठ-दहा दिवसाला येतो, ते पिण्यापुरतं."

मागच्या उन्हाळ्यात एक कॉलेजची पोरगी आली. हॉस्टेलात राहणारी, गाव जिंतूरकडचं. कमरेपर्यंत केस, घट्ट वेणी, वेणीचं टोक काथ्यासारखं. स्मूदनिंगसाठी, म्हणजे रसायनाने केस सरळ करून घ्यायला, पैसे साठवून आणले होते. मी वेणी सोडली, डोकं धुतलं, शेवटचे दोन मग पिण्याच्या जारमधले ओतले आणि कंगवा न लावता तिला तशीच बसवून ठेवली. वाळता वाळता कानाच्या खालून एकेक बट वळायला लागली. बोटाभोवती गुंडाळल्यासारखी वळणं, तीही एकसारखी. आरशात बघून ती म्हणाली, "हे कुणाचे केस हायेत?"

तिचे केस राठ नव्हतेच, कुरळे होते. लहानपणापासून रोज कोरडे विंचरून आणि बोअरच्या पाण्याने धुऊन त्यांचं वळण फिस्कटलं होतं, एवढंच. आपल्याकडे ज्याला सरसकट राठ म्हणतात, त्यात मला निम्म्याहून जास्त वेळा नागमोडी किंवा कुरळा केस सापडतो. म्हणून मी पार्लरमध्ये ज्या क्रमाने केस बघते, तोच क्रम इथे देते. घरी करायला एक पारदर्शक बाटली, शिलाईचा दोरा, फूटपट्टी, टिश्यू पेपर आणि एक मोकळा रविवार पुरतो.

पहिलं पाणी

केसांबद्दलच्या लेखांत पाणी शेवटी येतं. मराठवाड्यात ते पहिलं घ्यावं लागतं. आपल्याखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. बोअर जेवढं खोल, तेवढा वेळ पाणी खडकात मुरलेलं असतं, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन वर येतं. यालाच शाळेच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात, आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा, म्हणजेच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय.

प्रयोगशाळेत जायची गरज नाही. तुमच्या आईला विचारा, कुठल्या पाण्यात तूरडाळ शिजायला वेळ लागतो. तेच जड पाणी. तरी खात्री करायची तर बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. मऊ पाण्यात वर फेस उभा राहतो, खालचं पाणी स्वच्छ दिसतं. जड पाण्यात फेस लगेच मरतो आणि दह्यासारखे पांढुरके कण तरंगतात. ही परीक्षा शाम्पू टाकून करू नका. शाम्पू जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो, त्यामुळे फसगत होते. जारच्या पाण्याचीही अशीच परीक्षा घ्या. काही जारचं पाणी नुसतंच थंड केलेलं असतं, क्षार काढलेले नसतात.

ते पांढरे कण केसावर बसतात. साबणाने डोकं धुणाऱ्यांचे केस चिकट होतात ते त्यामुळेच. शाम्पूने एवढा चोथा होत नाही, पण कॅल्शियम केसाला धरून बसतंच. हळूहळू केस मंद दिसायला लागतो, हाताला खरखरीत लागतो, तेल लावलं तरी वरच्या वर राहतं.

उपाय महागडे नाहीत:

- धुणं नेहमीच्या पाण्याने करा, पण शेवटचे एक-दोन लिटर जारचं किंवा पावसाचं पाणी घ्या. पावसाचं पाणी धरताना पहिल्या सरी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ त्यात येते.
- पंधरा दिवसांतून एकदा असा शाम्पू वापरा, ज्याच्या घटकांत ईडीटीए लिहिलेलं आहे आणि जो क्लॅरिफाइंग किंवा किलेटिंग म्हणून विकला जातो. ईडीटीए क्षारांना पकडून वाहून नेतं. आठवड्याला दोनदा वापरायचा हा शाम्पू नव्हे, केस कोरडे पडतील.
- एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा लिंबाचा रस, गाळून. केसांवरून ओता, मिनिटभर थांबा, धुऊन टाका. लिंबू कपाळावर किंवा मानेवर राहिलेलं असताना उन्हात जाऊ नका, कातडीवर काळे चट्टे उठतात.

पाणी उकळून गार करून निवळलं तर जडपणा थोडा उतरतो, सगळा नाही. आणि फिल्टरच्या मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, भांडी विसळायला चालेल, डोक्यावर कधीच घेऊ नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. टंचाईत लोक तेही वापरतात, मला कळतं, पण केसांपुरतं ते टाळाच.

टँकरवर असलेल्यांनी एक लक्षात ठेवायचं. आज एका विहिरीचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. पाणी बदललं की केसही बदलल्यासारखा वाटतो. तेव्हा शाम्पू बदलण्याआधी बाटली हलवून बघा.

आता परीक्षेचा रविवार

आदल्या दिवशी तेल नको. साध्या शाम्पूने धुवा, शेवटचं पाणी मऊ घ्या. कंडिशनर, सीरम काही नको. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुनी सुती साडी किंवा टी-शर्ट घेऊन ओंजळीने दाबून पाणी टिपा. कंगवा नाही, बोटंही नाहीत. सावलीत वाळू द्या. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी लवकर करा, दुपारच्या झळांत केस वाळत नाहीत, भाजतात.

केस बांधून वाळवू नका, ही चूक फार होते. ओल्या केसाला जो आकार द्याल तो वाळल्यावर धरतो, कारण केसातले हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात. ओल्या वेणीने आलेली नागमोड म्हणजे तुमची नागमोड नव्हे. पुढच्या न्हाण्याला ती जाते.

वाळल्यावर आरशासमोर एकच बट धरा. मुळापासून टोकापर्यंत सरळ पडली तर सरळ केस. कानापासून खाली इंग्रजी एससारखी वळत गेली तर नागमोडी. बोटाभोवती किंवा पेनाभोवती बसेल अशी पूर्ण रिंग झाली तर कुरळे. सुईएवढी बारीक, स्प्रिंगसारखी वळणं असतील तर दाट कुरळे, आपल्याकडे कमी दिसतात पण असतात. याला आकडेही आहेत. अमेरिकेत टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रेचे केस करणारे आंद्रे वॉकर यांनी ही १ ते ४ ची विभागणी १९९०च्या दशकात मांडली. त्यात अ, ब, क असे पोटप्रकारही आहेत. इंटरनेटवर पोरी "माझे २-क का ३-अ" म्हणून भांडतात. मला त्यात फार रस नाही. आकडा फक्त आकार सांगतो. कुठलं तेल, किती शाम्पू, कुठला कट, हे आकड्यावरून ठरत नाही.

फूटपट्टीचं काम इथे. एक केस ओढून सरळ धरा आणि मोजा, मग सोडून मोजा. ओढल्यावर दहा इंच आणि सोडल्यावर सात, म्हणजे तीन इंच वळणात गेले. हा हिशोब केस कापताना कामाला येतो.

एकाच डोक्यावर दोन-तीन तऱ्हा असणं अगदी नेहमीचं. मानेवरचे खालचे केस जास्त वळतात, वरचा थर उन्हाने आणि कंगव्याने सरळसोट झालेला असतो. वळण ठरतं ते कातडीखाली, केस जिथून उगवतो त्या कूपाच्या आकारावर. वयात येताना, बाळंतपणानंतर, पाळी जाताना ते बदलू शकतं. "लहानपणी माझे सरळ होते" हे म्हणणं खोटं नसतं.

जाड आणि दाट

हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो आणि तिथेच घोळ होतो. जाड म्हणजे एकेक केस जाड. दाट म्हणजे डोक्यावर केसांची संख्या जास्त. "केस पातळ झालेत" म्हणणाऱ्या बाईला मी नेहमी विचारते, एकेक केस बारीक झालाय का भांग रुंद झालाय? उत्तर वेगळं, तर उपायही वेगळा.

जाडी बघायला गळलेला एक केस शिलाईच्या दोऱ्याशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मग दोन बोटांत फिरवा. बोटांना जाणवलाच नाही तर बारीक. जाणवला, पण मऊ, तर मध्यम. दोऱ्यासारखा ताठ लागला तर जाड. दाटपणा भांगावरून कळतो. भांग न पाडता टाळू दिसते का? पोनी बांधताना रबर दोन वेढ्यांत बसतं का चार लागतात? एवढं पुरे. बारीक पण दाट केस खूप जणींना असतात. त्या स्वतःला पातळ केसांच्या समजून तेलाने चोपडून घेतात, आणि केस आणखी चपटे बसतात.

केस पाणी पितो का

पेल्यात केस टाकायचा, बुडला तर एक प्रकार, तरंगला तर दुसरा, हा प्रयोग मोबाईलवर सगळ्यांनी बघितलाय. सोडून द्या. कोरडा केस पाण्याच्या पृष्ठताणावर तरंगतो, तेलाचा अंश असला तरी तरंगतो. त्यावरून काही ठरत नाही.

त्यापेक्षा रानातली गोष्ट लक्षात घ्या. सारवून टणक झालेल्या अंगणावर पाणी ओतलं तर थेंब घरंगळतात, मुरायला वेळ लागतो. मुरमाड रानात ओतलं की ढसाढसा पितं आणि तासाभरात कोरडंठाक. केसावर माशासारखे बारीक खवले असतात. ते घट्ट बसलेले असले की केस सारवलेल्या अंगणासारखा: भिजायला वेळ, वाळायलाही वेळ. खवले उचकटले की मुरमाड: झटकन भिजतो, झटकन वाळतो, आणि दुपारी पुन्हा फुगतो. उचकटण्याची कारणं ऊन, रंग, इस्त्री, जड पाणी, कोरडी फणी. मुळाजवळचा केस नवा असतो, म्हणून अंगणासारखा. टोक तीन-चार वर्षांचं असतं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कमरेच्या वेणीच्या टोकाने किती उन्हाळे पाहिलेत याचा हिशोब तुम्हीच करा.

अंगणासारख्या केसाला जाड क्रीम, जास्त तेल नको. कंडिशनर थोड्या कोमट पाण्याने लावा. मुरमाड केसाला प्रत्येक धुण्यानंतर कंडिशनर, आणि धुण्याआधी तेल.

ओला केस हलका ओढून बघा. थोडा ताणून परत आला तर बरा. च्युइंगमसारखा लांबत जाऊन तुटला तर रंग-रसायनाने आतून खचलाय. न ताणता कट्कन तुटला तर कोरडा पडलाय.

टाळू वेगळी, केस वेगळे

टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं एकाच डोक्यावर चालतं. उन्हाळ्यात ओढणी गुंडाळून स्कूटीवर फिरणाऱ्या निम्म्या जणींचं तेच असतं. धुतल्यावर २४ तासांनी टिश्यू पेपर टाळूवर दाबा. डाग आला तर तेलकट, ४८ तासांनी आला तर मध्यम, तेव्हाही नाही तर कोरडी. शाम्पू टाळूच्या हिशोबाने निवडायचा, कंडिशनर आणि तेल टोकांच्या हिशोबाने. हे एक वाक्य पाळलं तरी बऱ्याच बाटल्या वाचतील.

कोंड्याबद्दल मात्र मावशी-आत्यांशी भांडण होणार. कोंडा दिसला की "तेल लाव, डोकं कोरडं पडलंय" हे घराघरात ऐकू येतं. पिवळट, चिकट, खाज सुटणारा कोंडा कोरडेपणाचा नसतो. टाळूवर मॅलासेझिया नावाचं बुरशीचं कूळ सगळ्यांच्याच असतं, आणि ते तेलातल्या स्निग्ध आम्लांवर जगतं. त्यावर तेल ओतणं म्हणजे पाहुण्याला आग्रहाने वाढणं. अशा वेळी केटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू उपयोगी पडतो. आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवून धुवायचा, दोन ते चार आठवडे. एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. उलट थंडीत बारीक, पांढरा, कोरडा भुगा पडतो, त्याला सौम्य शाम्पू आणि थोडं तेल पुरतं.

तेलाचं काय

खोबरेल तेलाबद्दल आपल्या आज्यांचं म्हणणं बऱ्यापैकी खरं निघालं. २००३ साली भारतीय संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना होती. धुण्याने केसातलं प्रथिन निघून जातं, ते निघून जाणं खोबरेलाने कमी झालं. बाकी दोघांनी तसा फरक पडला नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ असल्यामुळे केसात शिरतं. आपल्याकडची करडई लिनोलिक आम्लाची, सूर्यफुलाच्या वळणाची. म्हणून लाकडी घाण्याचं करडईचं तेल खायला उत्तम, केसाला लावलं तर गुंता सुटायला, चकाकीला चांगलं. आतलं रक्षण मात्र खोबरेलाचं. धुण्याआधी तास-दोन तास, एक-दोन चमचे, टोकांकडे जास्त. अर्धी वाटी तेल लावून मग ते काढायला दोनदा शाम्पू, यात केसाचं भलं होत नाही.

शिकेकाई-रिठा आवडत असेल तर जरूर वापरा. त्यातलं सॅपोनिन फेसाळतं आणि जड पाण्यात साबणाइतका थर सोडत नाही. फक्त पूड थेट चोळू नका, नागमोडी केसात ती अडकते आणि दोन दिवस खांद्यावर पडत राहते. रात्री भिजवून, उकळून, फडक्याने गाळून घ्या. डोळे मिटलेले ठेवा, रिठा डोळ्यांत भारी झोंबतो.

नागमोडी आणि कुरळ्यांसाठी जवस

इथे जरा रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त चुका याच केसांवर होतात. पहिला नियम, कोरडे केस विंचरायचे नाहीत. न्हाताना कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवायचा. नंतर फणी नाही.

मग जवसाची चिकी. म्हणजे गुळाची नव्हे, जवसातून सुटणारा चिकट द्रव. माझी आई पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "चटणीची जवस डोस्क्याला?" चार मोठे चमचे जवस, दोन कप मऊ पाणी, मध्यम आच, सतत हलवत राहायचं. सात-आठ मिनिटांनी पाणी पांढुरकं होऊन फेस येतो. पळी वर उचलली की धार तुटत नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबते. त्याच क्षणी गॅस बंद. आणखी दोन मिनिटं ठेवलीत तर खळ होईल. गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतून किंवा मलमलीतून गाळा, बोटं सांभाळून पिळा. गार झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही, हे मी एकदा रात्री अकरा वाजता शिकले. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेका.

केस टपकत असतानाच हे दोन्ही हातांना लावून बटांवरून फिरवा. मग डोकं एका बाजूला झुकवून केस ओंजळीत घ्या आणि खालून वर दाबा, पंधरा-वीस वेळा. आता हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक, पापडासारखे लागतील. घाबरू नका, तेच हवं होतं. पूर्ण वाळले की ओंजळीत हलके चुरा, कडकपणा मोडतो, वळण राहतं. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ग्लिसरीनचा भरणा असलेली बाजारी जेल मला चालत नाहीत, केस उलट कोरडे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये फुगण्याचा त्रास होतो तेव्हा जवस जरा जास्त लावायची.

सरळ केसांना एवढा व्याप नाही. बारीक आणि सरळ असतील तर टाळू लवकर तेलकट दिसते, एक दिवसाआड सौम्य शाम्पू घेतला तरी बिघडत नाही. जाड आणि सरळ असतील तर आठवड्याला दोनदा पुरे.

एका बादलीत न्हाणं

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा बघितलेल्या बाईला "पाच मिनिटं शॉवरखाली केस धुवा" असं सांगायला मला लाज वाटते. आमचा हिशोब मगांचा. आधी कोरड्या केसाचा गुंता बोटांनी सोडवा (कुरळ्यांनी हे कंडिशनरवर सोडा). भिजवायला तीन मग. शाम्पू थेट डोक्यावर नको, अर्ध्या मगात कालवून घ्या, तो सगळीकडे पसरतो आणि धुवायला निम्मं पाणी लागतं. धुवायला पाच मग. केस पिळून कंडिशनर कानाच्या खालीच, दोन मिनिटं. त्याला तीन मग. शेवटी जारचे दोन. म्हणजे बादलीतले साधारण बारा मग जातात आणि अंगाला पाणी उरतं.

कट, वेणी, अंबाडा

नागमोडी केसाला लेयर शोभतात, वजन कमी झालं की वळण वर चढतं. कुरळे केस शक्यतो वाळल्यावर, वळण दिसत असताना कापून घ्या. ओले असताना एक इंच कापले तर वाळल्यावर दीड-दोन इंच गेल्यासारखे वाटतात. फूटपट्टीचा आकडा न्हाव्याला किंवा पार्लरवालीला सांगा. बारीक केसाला फेदर, स्टेप करून टोकं विरळ करू नका. खालून एकसारखा कापला तर दाट दिसतो. जाड, दाट, सरळ केसाला यू कट किंवा लांब लेयर. कपाळावर भोवरा असेल तर पुढे बटा काढायचा हट्ट सोडा, त्या उभ्याच राहणार. पुरुषांनीही डोक्यावरचे भोवरे मोजून घ्यावेत. दोन भोवरे असलेल्या डोक्यावर मागचे केस फार बारीक केले की तुरा उभा राहतो.

लग्नात अंबाड्याला गजरा माळायचा असेल तर सरळ, गुळगुळीत केस आदल्या दिवशी धुवा. त्याच दिवशी धुतलेल्या केसात पिना घसरतात. कुरळ्यांना ही अडचण नाही. बारीक केसाला जड गंगावन लावून दिवसभर मिरवू नका, मुळांवर ताण येतो. शाळेतल्या पोरींच्या रिबिनीच्या दोन वेण्या घट्ट ओढून बांधतात. कपाळाच्या आणि कानाजवळच्या कडेचे केस त्याने कायमचे जाऊ शकतात. बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर सोडून सैल बांधा.

स्मूदनिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे, जरी त्यातून पैसे मिळत असले तरी. त्यात केसातले गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडतात. सहा महिन्यांनी मुळाशी सात-आठ सेंटीमीटर मूळचं वळण उगवतं आणि खाली सळया लोंबतात. केराटिनच्या नावाने होणाऱ्या काही उपचारांत इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइडचा वायू निघतो. डोळे चुरचुरायला लागले तर लाजू नका, उठून बाहेर या. मेहंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केसाला धरून बसतं, पण केस कोरडे करतं. "काळी मेहंदी" म्हणून जी पुडी मिळते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचा रासायनिक रंग असतो. कानामागे थोडी लावून ४८ तास थांबा. खाज, फोड आले तर डोक्याला लावायचीच नाही.

रोज पन्नास ते शंभर केस गळणं धरून चाला. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी ओंजळभर गळतात, आणि बहुधा सहा महिन्यांत थांबतात. पण नाण्याएवढी चाई पडली, टाळूवर पू आला किंवा भांग सतत रुंद होत चालला तर तेल-शाम्पूत वेळ घालवू नका. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर-नांदेडला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे त्वचारोग विभागात दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी बऱ्याचदा तिथेच सुचवतात.

ती जिंतूरकडची पोरगी महिन्याने परत आली. केस मोकळे, खांद्यावर वळणं. स्मूदनिंगच्या पैशांतून तिने मोठ्या दातांचा कंगवा आणि किलोभर जवस घेतली होती. फक्त एक तक्रार होती, "ताई, केसासाठी जार आणला की रूमवरच्या पोरी पिऊन टाकायल्यात." आता ती जारवर चिठ्ठी लावते, "न्हाण्याचं पाणी, पिऊ नये."